डाव्या हाताची भिंत

१

माझं काम काय ते सांगितलं की लोक आधी हसतात. नवा विमानतळ उभा राहायचा म्हणजे कुणी धावपट्टी आखतं, कुणी छपराचं गणित मांडतं, कुणी सामानाचे पट्टे फिरवतं. मी पाट्या लावते. "म्हणजे 'स्वच्छतागृह इकडे' वगैरे?" हो, तेच. हसणाऱ्यांनी एकदा दोन बॅगा आणि कडेवर रडणारं मूल घेऊन पाटी नसलेल्या इमारतीत ते स्वच्छतागृह शोधून दाखवावं, मग आपण बोलू.

आमचा विमानतळ एवढा मोठा होणार होता की त्यात ज्याची वाट चुकली त्याचं विमान चुकलंच म्हणून समजा. त्यामुळे काँक्रीट ओतायच्या आधी आम्ही त्यातला एक तुकडा खऱ्या मापाचा करून पाहत होतो. सपाट केलेल्या माळाच्या कडेला एक भलीमोठी शेड होती. तिच्या पोटात आमच्या मिस्त्रींनी प्लायवुडचा कॉरिडॉर उभा केला होता, तपासणीच्या दारापासून ते गेटांच्या फाट्यापर्यंत. बाहेरून बघितलं तर नुसते कच्चे तक्ते आणि त्यांना दिलेले टेकू. आत शिरलं की खरं छत, खरे दिवे, खरा गालिचा आणि माझ्या पाट्या.

रोज सकाळी चाचणीची माणसं यायची. प्रत्येकाच्या हातात एक बॅग आणि खोटं तिकीट द्यायचं, "तुमचं गेट शोधा" म्हणायचं आणि आत सोडायचं. मी पलीकडच्या टोकाला कॅमेऱ्याच्या पडद्यांसमोर बसून बघायची. बघायचं एकच, माणूस कुठे थबकतो. आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की माणूस जिथे थबकतो तिथे पाटी कमी आहे. दुसरा नियम असा की आपण स्वतः चालून बघायचं नाही. ज्याला वाट ठाऊक आहे तो चाचणीच्या कामाचा नाही.

घरी आई होती. गेली दोनेक वर्षं ती विसरत चालली होती. स्वतःच्याच स्वयंपाकघरात उभी राहून विचारायची, "अगं, घरी कधी जायचं?" मी म्हणायची, "आई, हे घरच आहे." मग खोटं माप देणाऱ्या दुकानदाराकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायची. दिव्याखाली अंधार नको म्हणून मी घरातही पाट्या लावल्या होत्या. न्हाणीघराकडे बाण, पलंगाकडे बाण, बाहेरच्या दारावर मोठा लाल गोल. तरी मागच्या महिन्यात ती निसटली आणि बस डेपोत सापडली. कंडक्टरला पत्ता सांगत होती तो तिच्या माहेरचा.

धाकटी बहीण लांबच्या शहरात. ती फोनवर म्हणायची, "ताई, तू एकटी किती पुरणार? चांगली संस्था आहे, मी बघून ठेवलीय. तिथे तिला काही कमी पडणार नाही." मी तिचं बोलणं तिथेच तोडायची. आई माझं नाव विसरली तरी चालेल, पण मी तिला परक्यांच्या हाती देणार नाही, असं मी ठरवलं होतं. नाव तर ती विसरलीच होती. वर्षभरात तिने मला एकदाही नावाने हाक मारली नव्हती.

२

कॉरिडॉर अर्धा संपतो तिथे काही नाही. दोन्ही बाजूंना सरळ भिंत, वर सरळ दिवे. मी तिथे पाटी लावली नव्हती, कारण तिथे ठरवायचं काहीच नव्हतं.

त्या सकाळी एक निवृत्त शिक्षिका आत सोडली होती. ताठ बाई, टकटक चालणारी. त्या जागी आली आणि तिची चाल मंदावली. तिने डावीकडे मान वळवली, जिन्यावरून जाताना शेजाऱ्याचं दार उघडं दिसलं की आपण वळवतो तशी. मग पुढे निघाली. मी मनात म्हटलं, काहीतरी आठवलं असेल.

तिच्यामागून फोनवर बोलणारा एक जाडा गृहस्थ आला. त्याचं फोनवरचं बोलणं थांबलं नाही, पण पाय थांबले. डावीकडे बघितलं, चालू लागला. मग एक कॉलेजची मुलगी आली, तिनेही तेच केलं. त्यानंतर एका म्हाताऱ्याने तिथे आपली बॅग अंगाजवळ ओढून घेतली, जरा बाजूला झाला, आणि क्षणभर उभा राहिला. आतून कुणी बाहेर येत असलं की आपण वाट देतो, तसा.

डावीकडे भिंत होती. पांढरा रंग दिलेली, सपाट.

बाहेर आल्यावर मी प्रत्येकाला विचारलं, "मध्ये थांबलात ते का?" शिक्षिका म्हणाली, "मी? मी कुठे थांबले?" म्हातारा तर चिडलाच. "बाई, मी सरळ आलो. सरळ येण्याइतकं मला अजून कळतं." खोटं बोलण्याचं त्यांना कारण नव्हतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

३

मी भुताखेतांची बाई नाही. माणूस थबकतो त्याला कारण असतं. छताच्या जोडातून वारा येत असेल, दिव्याचा रंग एक छटा वेगळा असेल, गालिच्याचा सांधा पायाला लागत असेल. मी दिवे बदलले. गालिचा तिथे अखंड टाकून घेतला. वाऱ्यासाठी छताचे जोड पट्टीने बुजवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा माणसं आली आणि पुन्हा एकेकाची मान डावीकडे वळली, कवायतीत वळावी तशी.

मिस्त्रींना बोलावलं. ते शेडच्या बाजूने आले आणि भिंतीवर थापा मारत ओरडले, "मॅडम, अख्खा तक्ता आहे. ना भोक ना सांधा. मागे काय आहे सांगू? माझा डबा आहे. लोकांना भाजीचा वास येत असेल तर ते माझ्या बायकोचं कौतुक समजा!" मी हसले. हसून बरंही वाटलं.

आमच्या प्रकल्पाच्या साहेबांना आम्ही पाठीमागे कालसाहेब म्हणायचो, कारण त्यांना प्रत्येक काम काल झालेलं हवं असायचं. त्यांनी पडद्यावर माणसांच्या माना वळताना पाहिल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"थबकतात ना? मग पाटी लावा."

"सर, तिथे फाटाच नाहीये. पाटी कशाची लावू?"

"सरळ जा म्हणून लावा. बाण वर. यात विचार करण्यासारखं काय आहे? हे काल व्हायला हवं होतं."

विचार करण्यासारखं होतं, आणि ते कळणारी त्या शेडमध्ये मी एकटीच होते. 'सरळ जा' असं आपण फक्त तिथेच सांगतो, जिथे सरळ न जाताही येतं. पाटी दिसली की माणूस धरून चालतो की इथे फाटा आहे. शिकाऊ पोरांना मी हेच शिकवत आले होते, की रिकाम्या जागी पाटी लावू नका, तुम्ही लोकांच्या डोक्यात नसलेला रस्ता काढून ठेवाल. पण साहेब म्हणत होते तो नियम माझाच होता. थबकला की पाटी. मीच तो शंभरदा बैठकांत ऐकवला होता, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? संध्याकाळपर्यंत छताला एक मोठी पाटी टांगली गेली. पिवळी, वर एक बाण, खाली 'सर्व गेट सरळ'.

दुसऱ्या दिवसापासून तिथे एकही माणूस थांबला नाही. पाटीने फरक पडतो का ते बघायला मी आधीची काही माणसं नियम मोडून पुन्हा बोलावली होती. फोनवाला जाडा गृहस्थही पाटीखालून न थांबता निघून आला. टांगलेली पाटी कॅमेऱ्याच्या आड येत होती, त्यामुळे प्रत्येक जण एखाद्या पावलापुरता दिसेनासा व्हायचा आणि मग पलीकडे चालताना दिसायचा. एवढंच.

बाहेर आल्यावर मी सगळ्यांना विचारायची, कसं वाटलं? सगळे म्हणायचे, "किती सोपं होतं." जाडा गृहस्थ हेच म्हणाला, शिक्षिका हेच म्हणाली. आपलं काम चोख झालं की लोकांना बोलायला काही उरत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. कालसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. ते ऐकायला गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

४

नकाशे मंजूर व्हायच्या आधी एक चाचणी राहिली होती. ज्यांचं डोकं साथ देत नाही, जे विसरतात, अशी माणसं त्या कॉरिडॉरमधून चालवून बघायची. दोघातिघांचे नातेवाईक तयार झाले. त्याच दिवशी आईला सांभाळणाऱ्या मावशींच्या घरी पाहुणे आले आणि त्यांनी सुट्टी घेतली. आईला एकटीला ठेवायची सोय नव्हती. मी तिला स्वेटर घातला आणि कामावर घेऊन गेले.

आधीचे तिघे आत गेले आणि सहज बाहेर आले. साहेब म्हणाले, "तुमच्या मातोश्री आहेतच इथे, तर त्यांनाही चालवा ना." माझ्याही मनात तेच होतं. माझ्या पाट्यांवर चालत आई एकदा तरी न चुकता कुठेतरी पोचावी, असं मला फार वाटत होतं. घरातल्या बाणांनी ते साधलं नव्हतं.

मी तिच्या हातात हलकी बॅग दिली.

"घरी कधी जायचं गं?"

"हे बघ, आई. इथून सरळ चालत ये. त्या टोकाला मी उभी असेन. मग आपण घरी जाऊ."

"तू असशील ना?"

"असेन."

मी धावतच शेडच्या बाजूने पलीकडे गेले आणि पडद्यावर बघू लागले. आई भिंतीला हात लावत चालत होती. तीन पावलं टाकायची, थांबायची, मागे बघायची, पुन्हा निघायची. पाटीपाशी आली. पाटीच्या आड गेली. मी पडद्याजवळ सरकले, कारण ती बाहेर यायला उशीर झाला. फार नाही. एखादा माणूस खिसे चाचपेल एवढा. मग ती दिसली, आणि आता तिचा हात भिंतीला नव्हता. ती न थांबता चालत आली, फाट्यावर योग्य बाजूला वळली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"किती सोपं होतं गं, ठमे," ती म्हणाली.

मला लहानपणापासून ठमी म्हणणारी तीच एक. मी तिच्या गळ्यात पडून तिथेच, सगळ्यांसमोर, ढसाढसा रडले. कालसाहेबसुद्धा दुसरीकडे बघायला लागले.

५

घरी येताना टॅक्सीवाल्याला वाट तिने सांगितली. आत शिरल्या शिरल्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ही काय जत्रा मांडलीयस भिंतींवर?" आणि सगळे बाण स्वतः ओरबाडून काढले. दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती तिच्या हातच्या चहाच्या वासाने. डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि शेवटी म्हणाले की कधी कधी असं होतं, याला आपण नशीब म्हणू. धाकटी फोनवर हसत होती आणि रडतही होती. संस्थेचा विषय तिने पुन्हा काढला नाही. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, हे मी आजही सांगेन.

माझ्या धंद्याने मला एक खोड लावलीय. मी माणसांच्या चालण्याकडे बघते. आठवडाभराने माझ्या लक्षात आलं की आई कुठेच थांबत नाही. चष्मा विसरला म्हणून माणूस अर्ध्या वाटेवरून मागे फिरतो, दारात उभा राहून 'मी इथे कशाला आले होते' असं म्हणतो. आई असं काही करत नव्हती. इथून उठायची, तिथे जायची, काम करायची, परत यायची. खिडकीशी रेंगाळणं नाही, कपाट उघडून उगाच बघत राहणं नाही. आजारी पडायच्या आधीही ती अशी नव्हती. मी स्वतःला दटावलं. म्हटलं, आधी थांबते म्हणून रडत होतीस, आता थांबत नाही म्हणून रड.

मग मावशी काम सोडते म्हणाल्या. आता त्यांची गरजही नव्हती, पण त्या माझ्या नजरेला नजर देईनात.

"मावशी, काय झालं? आई काही बोलली का?"

"नाही हो. गोड बोलतात." त्यांनी पिशवीचे बंद उगाच सोडले, बांधले. "दिवसभर त्या मला शाळेतलं एक गाणं म्हणून दाखवायच्या. तुम्ही कामावर गेलात की सुरू. आजारात सगळं विसरल्या, पण ते गाणं नाही. काल म्हटलं, म्हणा की ते. तर म्हणाल्या, कुठलं गाणं?"

"विसरली असेल."

"आता त्या काय विसरतात, ताई?" एवढं म्हणून त्या गेल्या.

ते गाणं मी कधी ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी धाकटी फोनवर आईशी बोलली आणि नंतर मला म्हणाली, "तिच्या लग्नात मिळालेलं कानातलं तिने मला दिलं होतं ना, तुला न सांगता. मी म्हटलं, आता ताईला सांगून टाकू या का? तर नुसतं हसली. म्हणाली, असू दे आता. ताई, तिला माहीतच नव्हतं गं मी कशाबद्दल बोलतेय."

मी फोन ठेवला. आई समोर बसून माझ्या ब्लाउजला हुक लावत होती. मी तिला विचारत सुटले. माझा पहिला दिवस शाळेतला? सगळा सांगितला. बाबांचं शेवटचं आजारपण? तेही. मग विचारलं, "मी जन्मायच्या आधी तू आणि बाबा कुठे राहायचात? घर कसं होतं?"

तिने वर बघितलं आणि प्रेमाने हसली. "असू दे आता," ती म्हणाली.

मला जे माहीत होतं तेवढं सगळं तिला माहीत होतं. त्याच्या पलीकडचं काही नाही. मी उठून न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत राहिले. बाहेरून तिचा आवाज आला, "ठमे, बरं वाटत नाहीये का?" अगदी तिचाच आवाज.

६

सोमवारी मिस्त्री मला शेडच्या दारातच भेटले. नकाशे मंजूर झाले होते, कॉरिडॉर त्या दुपारी उतरवायचा होता.

"मॅडम, तुमच्या आई अजून येतात का हो इथे?"

"का?"

"नाही, म्हणजे..." ते डोकं खाजवायला लागले. "मी मागच्या बाजूला जेवायला बसतो ना. तक्त्याच्या आतून कुणीतरी म्हातारं माणूस बोलतंय असं वाटतं. घरी कधी जायचं, घरी कधी जायचं. आधी वाटलं, कुणाचा रेडिओ आहे. आत जाऊन बघितलं, कुणी नाही. आता मी डबा बाहेर झाडाखाली खातो."

मी त्यांना सांगितलं की शेडमध्ये आवाज घुमतात. पत्र्याच्या शेडमध्ये ते घुमतातच, हे खरं आहे. मग मी विचारलं, तक्ते कधी काढणार? ते म्हणाले, जेवण झालं की.

माणसं जेवायला गेली तेव्हा मी तपासणीच्या दारातून आत शिरले. तो कॉरिडॉर मी आखला होता, त्याचा इंच न् इंच कागदावर मोजला होता, पण त्यातून चालत मी तेव्हा पहिल्यांदाच निघाले होते. बाहेर भर दुपार होती आणि पत्रा तापून तडतडत होता. चार पावलांनंतर ते तडतडणं ऐकू येईनासं झालं. जाड गालिचा, बंद छत, आवाज अडणारच. पाटी जवळ आली. माझे पाय मंदावले, आणि मंदावताहेत हे मला कळत होतं.

७

भिंत उघडली असं मी म्हणणार नाही. दार नव्हतं की फट नव्हती. मी पाटीखाली उभी राहिले, डावीकडे बघितलं, आणि डावीकडे कॉरिडॉर होता. त्यात आश्चर्य करण्यासारखं काही आहे असं त्या क्षणी वाटलंसुद्धा नाही.

तोच गालिचा, तेच दिवे. लांबच लांब. पाटी मात्र एकही नव्हती. भिंतींशी बाकं होती आणि त्यांवर माणसं बसली होती, मांडीवर बॅगा घेऊन. जवळच्या बाकावर तो जाडा गृहस्थ होता. फोन कानाला तसाच, पण बोलत नव्हता. त्याने झटकन माझ्याकडे बघितलं, आणि मी त्याच्याकरता आलेली नाही हे ओळखून पुन्हा समोर बघू लागला. पलीकडे शिक्षिका ताठ बसली होती. त्यांच्यापुढे कोण कोण होतं ते मी बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

आई उभी होती, थोड्या अंतरावर, हात भिंतीला लावून. स्वेटरचं एक बटण चुकलेलं. त्या सकाळी घाईत मीच लावलं होतं.

"आई."

ती वळली. "कोण?"

"मी गं. चल. घरी जाऊ."

"तुम्ही कोण?" ती घाबरली नव्हती, नुसती दमलेली होती. "माझी मुलगी येणार आहे. त्या टोकाला उभी राहते म्हणाली, सरळ ये म्हणाली. मी चालतेच आहे. इथे कुठे वळायचं ते लिहिलेलंच नाही हो."

"मीच ती मुलगी आहे. माझा हात धर."

मी हात पुढे केला. तो तिच्यापर्यंत पोचत नव्हता. पोचायला मला आत जावं लागलं असतं, पाचसहा पावलं, आणि मी एक पाऊल टाकलंही. मग मागे बघितलं. मागे पाटीची उलटी बाजू दिसत होती. तिच्यावर काही छापलेलं नव्हतं. आतून येणाऱ्यासाठी मी काही लिहिलंच नव्हतं, कारण आतून कुणी येणार नव्हतं.

मला भीती वाटली. त्या भीतीत मी एक नीच सौदा केला.

"आई, मला एकदा ठमी म्हण," मी म्हणाले. "एकदाच म्हण. मी येते आत."

तिने ऐकून घेतलं. परक्या बाईशी बोलताना ती पूर्वी जशी मान किंचित वाकवायची तशी वाकवली.

"ठमी का तुमचं नाव?" ती म्हणाली. "छान आहे."

आणि ती वळून, भिंत चाचपत, आतल्या बाजूला चालू लागली. तीन पावलं, थांबली, मागे बघितलं, पुन्हा निघाली. जाता जाता कुणालातरी विचारत होती, "घरी कधी जायचं?"

"मॅडम!" मिस्त्रींचा आवाज फार लांबून आला. "आत आहात का? काढायला घेऊ का?"

मी थबकले. कितीतरी माणसांना मी थबकताना बघितलं होतं, पण आतून ते कसं असतं हे मला तेव्हा कळलं. माणूस वाट शोधत नसतो. वाट त्याला दिसत असते. तिच्याकडे न बघण्यासाठी तो तेवढा वेळ घेतो. मी आत ठेवलेला पाय उचलला आणि पाटीखाली आणला. मग सरळ चालत टोकाला आले. बाहेर ऊन होतं, पत्रा तडतडत होता, मिस्त्री हातात स्क्रूचं मशीन घेऊन उभे होते.

"कुणी नाही ना आत?"

"नाही," मी म्हणाले. "काढा."

डाव्या हाताचा तो तक्ता आधी उतरला. मागे शेडची धुळकट जमीन होती आणि दोन माणसं हातात हातमोजे चढवत होती. कालसाहेब आले आणि म्हणाले की टांगलेली पाटी मंजूर नकाशात आहे, खऱ्या इमारतीत ती तशीच येईल. मी मान हलवली.

८

घराची घंटा वाजवायच्या आधीच तिने दार उघडलं.

"आलीस? हातपाय धू, मी वाढते."

कुठे होतीस, उशीर का झाला, डोळे का सुजलेत, यातलं तिने काही विचारलं नाही. तिने विचारावं असं मला वाटत नव्हतं, म्हणून विचारलं नाही. मी हातपाय धुतले आणि ताटावर बसले. अन्न गरम होतं. मला आवडतं तसंच होतं, मीठसुद्धा माझ्या जिभेच्या मापाचं. आई करायची तेव्हा कधी खारट व्हायचं, कधी करपायचं, आणि मी कुरकुर करायची.

ती समोर बसून माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत माया होती, आणि ती खोटी आहे असं मला म्हणता येईना. मी एक घास घेतला. मग दुसरा घेतला. भूक लागली होती.

"आणखी घे, ठमे," ती म्हणाली.

मी ताट पुढे केलं.